गाडीकट्टा : मीट रद्द झाली, आता आमच्या पैशाचं काय?

ह्या वेळी कट्ट्यावर आलेली जवळजवळ सगळी पत्रं एकाच विषयावर आहेत. आपल्या कोल्हापुरातल्या जुन्या गाड्यांच्या क्लबची वार्षिक मीट, म्हणजे शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी गाड्या मैदानात लावायच्या, रात्री जेवण, रविवारी पहाटे गगनबावड्याला ड्राइव्ह आणि दुपारपर्यंत परत, ती ऐनवेळी रद्द झाली. गुरुवारी रात्री ग्रुपवर एक ओळ आली, 'पूरपरिस्थितीमुळे मेळावा रद्द, क्षमस्व', आणि त्याखाली जो धुरळा उडाला तो अजून बसलेला नाही. काही पत्रं शिव्यांसकट आलीत, शिव्या गाळल्यात आणि मुद्दे ठेवलेत. क्लबचं नाव टाकत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीतच आहे.

प्रश्न : रविवारी कोल्हापुरात चक्क ऊन पडलं होतं हो. सकाळी रंकाळ्यावर फिरून आलो तर छत्री उघडायला सुद्धा लागली नाही. मग मीट रद्द का केली? कमिटीला कंटाळा आला होता, पावसाचं निमित्त मिळालं, दुसरं काही नाही.
– एक सभासद, राजारामपुरी

उत्तर : दादा, रंकाळ्यावर ऊन पडलं म्हणून पंचगंगा उतरत नाही. नदीला पाणी येतं ते शहरातल्या पावसाचं नाही, ते येतं वरनं, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी ह्या पट्ट्यातनं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ह्या सगळ्यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येतं आणि तिथनं पुढं पंचगंगा म्हणून आपल्या दारात येतं, त्यामुळं गगनबावड्यात रात्रभर कोसळलेला पाऊस राजाराम बंधाऱ्यावर, म्हणजे पंचगंगेची पातळी मोजतात तिथं, दिसायला वेळ लागतो आणि तोवर इकडं ऊन पडलेलं असतं, माणसं चहा पीत म्हणत असतात कुठाय पूर. त्यात राधानगरी धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित. तलाव भरला की ते आपोआप उघडतात, कुणी बटण दाबायची वाट बघत नाहीत, आणि एका दरवाजातनं १४२८ क्युसेक पाणी सुटतं. पाऊस थांबलाय आणि पाणी चढतंय, हे आपल्याकडं काय नवीन आहे का?

इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आकडे इथल्या शाळेतल्या पोराला पण पाठ असतात. पण गाडीवाल्यानं बघायचं ते वेगळं, कुठलं पाणी आलं की कुठला रस्ता जातो ते. रेडेडोह फुटला, म्हणजे तिथनं नदीचं पाणी पात्र सोडून बाहेर पडलं, की पन्हाळा-रत्नागिरी रोड केर्लीजवळ गेलाच म्हणून समजा. बालिंग्याचा पूल बंद केला की गगनबावड्याची वाट बंद, आणि पूल चालू असला तरी पुढं मांडुकलीला पाणी रस्त्यावर येतं ते वेगळंच. आपल्या ड्राइव्हचा रस्ता नेमका हाच होता. सकाळी सहाला जायला मिळालं सुद्धा असतं एक वेळ. प्रश्न परत यायचा होता. जाताना कोरडा असलेला रस्ता दुपारी पाण्याखाली, आणि तुम्ही पलीकडच्या बाजूला जुन्या अँबॅसिडरमध्ये बायकापोरं घेऊन बसलाय, असं झालं असतं तर हेच पत्र तुम्ही 'मीट रद्द का केली नाही' म्हणून लिहिलं असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेच जवळजवळ आठवडाभर बंद होता, शहरात पेट्रोल मिळेना, दूध-भाजी येईना. हायवेची ही गत झाली होती, तिथं घाटरस्त्याचं काय सांगायचं.

तेव्हा निर्णय बरोबर. सांगायची पद्धत मात्र भिकार, आणि तुमचा राग खरं तर त्याच्यावर असायला पाहिजे. हवामान खात्याचा इशारा काही गुरुवारी रात्री एकदम येत नाही. सोमवारी-मंगळवारीच ग्रुपवर टाकायला काय हरकत होती की बाबांनो, पाणी चढायला लागलंय, गुरुवारी दुपारी बारा वाजता बंधाऱ्याची पातळी बघून फायनल सांगतो, तोवर बाहेरगावच्यांनी निघू नका. मैदान, जेवण, रूट ठरवायला कमिटीनं दोन महिने मीटिंगा घेतल्या. रद्द करायचं काम पण तितकंच निगुतीनं करायला लागतं, कुणाला कधी सांगायचं, पैसे कसे परत द्यायचे, फोन कोण उचलणार, हे सगळं ठरवून. एका ओळीत 'क्षमस्व' टाकून फोन सायलेंटवर ठेवला की लोकं कंटाळा आला असंच म्हणणार.

प्रश्न : मी गाडीमागं पंधराशे रुपये भरले होते. परत मागितले तर म्हणतात पुढच्या वर्षी अ‍ॅडजस्ट करू. मी ह्या दिवाळीत गाडी विकतोय. पुढच्या वर्षी काय सायकल घेऊन येऊ?
– मंगळवार पेठ

उत्तर : सायकल घेऊन या, गर्दी तुमच्याभोवतीच होईल. पण पैशाचं बोलू. 'पुढच्या वर्षी अ‍ॅडजस्ट' हे तुम्ही हो म्हणालात तरच चालतं, एकतर्फी नाही. आपला करार कायदा १८७२ चा आहे, त्याच्या ५६ कलमात म्हटलंय की ठरलेलं काम नंतर अशक्य झालं तर करार रद्द होतो, आणि ६५ कलम म्हणतं की अशा वेळी ज्यानं आधी काही घेतलंय त्यानं ते परत करायचं. म्हणजे मागायचा हक्क तुमचा पक्का.

आता दुसरी बाजू. क्लब म्हणजे कुठली कंपनी नाही, तुम्हीच क्लब आहात. पंधराशेमधनं टी-शर्ट छापले गेले, बॅनर झाला, मैदानाचं भाडं गेलं, तो खर्च काही सेक्रेटरीनं घरी नेला नाही, तो सगळ्यांचाच झाला. त्यामुळं पूर्ण पंधराशेच पाहिजेत म्हणून हटून बसू नका, हिशेब मागा. किती जमा झाले, किती खर्च झाला पावत्यांसकट, मैदानवाल्यानं किती परत दिलं, शिल्लक किती, आणि ती गाडीमागं किती येते. हा एक कागद ग्रुपवर पडला तर निम्मी भांडणं तिथंच मिटतील, माझा अनुभव आहे, लोकांना पाचशे कमी मिळाल्याचं एवढं वाटत नाही जेवढं कुणी काही सांगत नाही ह्याचं वाटतं.

क्लब नोंदणीकृत आहे का ते आधी बघा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंद असेल तर महाराष्ट्रात ती संस्था सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडं पण नोंदलेली असते आणि हिशेब ऑडिट करून द्यावे लागतात. सेक्रेटरीला साधा लेखी अर्ज करा, पोच घ्या, नाहीच ऐकलं तर सर्वसाधारण सभेत विचारा. आणि क्लब म्हणजे नुसता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल तर ज्याच्या खात्यावर यूपीआय केलं तो माणूस उत्तर द्यायला बांधील, स्क्रीनशॉट जपून ठेवा. टी-शर्ट मात्र घेऊन या, पैसे गेलेतच त्याचे.

प्रश्न : मी घरगुती केटरिंग करते. मीटच्या जेवणाची ऑर्डर माझ्याकडं होती, तांबडा-पांढरा, सुकं मटण, भाकरी, शाकाहारी वेगळं. वीस हजार अ‍ॅडव्हान्स घेतला होता. गुरुवारी रात्री कॅन्सल. मटण उचललं नव्हतं पण खोबरं, तीळ, खसखस, काजू भरून ठेवलं, मसाला कांडून आणला, मोठी भांडी भाड्यानं सांगितली, भाकरीच्या बायकांना दोन दिवसाची हजेरी कबूल केली. आता कमिटी म्हणते पूरामुळं झालं, पूर्ण अ‍ॅडव्हान्स परत द्या.
– उचगाव

उत्तर : ताई, मुळीच पूर्ण परत देऊ नका. कमिटी पुराचं नाव सांगते, पण पुरामुळं तुमचा स्वयंपाक अशक्य झाला नव्हता. चूल तुमची कोरडी होती, तुम्ही करून द्यायला तयार होता, जेवण रद्द त्यांनी केलं. वरच्या उत्तरातलं ५६ कलम त्यांना मैदानवाल्याबरोबर चालेल कदाचित, तुमच्या बाबतीत तेवढं सरळ चालणार नाही.

पण हिशेब सरळ ठेवा, कारण पुढच्या वर्षी ऑर्डर तुम्हालाच यायला पाहिजे. खोबरं, तीळ, मसाला हे काही वाया जाणार नाही, पुढच्या ऑर्डरीत जाईल, ते त्यांच्या नावावर टाकू नका. भाकरीच्या बायकांची हजेरी पूर्ण कापा, त्यांनी त्या दिवसाचं दुसरं काम सोडलेलं असतं आणि त्यांना पूर-बीर सांगून चालत नाही. भांडीवाल्यानं काही कापलं असेल तर त्याची चिठ्ठी जोडा. तुमच्या स्वतःच्या दोन दिवसाचं पण काहीतरी लावा, बायका हे नेहमी विसरतात. उरलेले परत द्या आणि चार ओळी लिहून सही घ्या. पुढच्या वेळी अ‍ॅडव्हान्सच्या पावतीवरच लिहून टाका, दोन दिवस आधी रद्द केलं तर इतके कापणार, आदल्या दिवशी केलं तर इतके.

प्रश्न : पुण्याहून येणार होतो, हॉटेलचं बुकिंग 'नॉन रिफंडेबल' होतं. गेले का पैसे?
– कोथरूड

उत्तर : अ‍ॅपवर भांडत बसू नका, थेट हॉटेलच्या मॅनेजरला फोन करा आणि पैसे परत मागण्याऐवजी तारीख बदलून मागा. कोल्हापूरच्या हॉटेलवाल्यांना पूर काय असतो ते समजावून सांगायला लागत नाही, बहुतेक जण देतात. रस्ता बंद असल्याची त्या दिवसाची बातमी बरोबर पाठवा. अगदीच अडवून धरलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५ नंबर, तक्रार फुकट नोंदवता येते.

प्रश्न : क्लबनं रद्द केली तर केली, आम्ही पोरं आमची आम्ही जाणार होतो, घरच्यांनी अडवलं. दोन थार, एक जिम्नी आणि माझी मॉडिफाय केलेली जिप्सी आहे, टायर मोठे, स्नॉर्कल पण बसवलाय. फोर बाय फोरला एवढ्या पाण्याचं काय होतंय? पुढच्या पावसात जाणारच आहे, रूट सुचवा.
– नाद एकच, ऑफरोड

उत्तर : रूट सुचवत नाही. घरच्यांना माझा नमस्कार सांगा.

भावा, स्नॉर्कल म्हणजे इंजिनाला वरनं हवा घेणारा पाइप, तो इंजिनात पाणी जाऊ देत नाही एवढंच, गाडी वाहून जायची थांबवत नाही. साचलेलं पाणी वेगळं आणि वाहतं पाणी वेगळं. साधारण फूटभर वाहतं पाणी छोट्या गाडीची चाकं उचलायला पुरतं आणि दोन फुटात मोठी एसयूव्ही सुद्धा सरकायला लागते, कारण गाडी आतनं पोकळ असते, ती तरंगते, आणि एकदा तरंगली की चारही चाकांना ताकद असली काय नि नसली काय. मोठे टायर उलट आणखी तरंगवतात. शिवाय पुराच्या गढूळ पाण्याखाली रस्ता आहे का साइडपट्टी वाहून गेलीय हे कुणाला दिसतंय? मांडुकलीच्या त्या पट्ट्यात तर दोन्ही बाजूला शेतं, पाणी आलं की रस्ता कुठला आणि ऊस कुठला कळत नाही.

कायद्याचं पण ऐकून ठेव. मोटार वाहन कायद्याचं ५२ कलम गाडीच्या कंपनीनं दिलेल्या स्पेसिफिकेशनमध्ये परस्पर बदल करू देत नाही, सुप्रीम कोर्टानं २०१९ च्या जानेवारीत हे परत ठणकावून सांगितलंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीमालकाला एकेका बदलामागं पाच हजार दंड नाहीतर सहा महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पुढं लोखंडी बुलबार असेल तर तो पण काढ, त्याच्यावर २०१७ पासून बंदी आहे. आणि पोलिसांनी बॅरिकेड लावलेलं असताना गाडी पाण्यात घातली तर विमा कंपनी क्लेमच्या वेळी ते सोडणार नाही. पूर ओसरल्यावर, रस्ते धुऊन निघाल्यावर जा की, घाट कुठं पळून जातोय.

प्रश्न : आमच्या ह्यांनी मीटसाठी पद्मिनी महिनाभर घासून पुसून तयार केली. नवीन पॉलिश, टाकी फुल्ल. आता ती दारात ताडपत्रीखाली उभी आहे आणि ह्यांचं तोंड पण तसंच झाकल्यासारखं झालंय. गाडीची काय काळजी घ्यायची ते सांगा, ह्यांची मी बघते.
– शिवाजी पेठ

उत्तर : वहिनी, पहिल्यांदा ती ताडपत्री काढा. पावसाळ्यात प्लास्टिकच्या खाली ओल अडकते, पत्र्याला घाम फुटतो आणि दारांच्या खालच्या कडेनं गंज धरायला सुरुवात होते. वर पत्र्याची शेड असेल तर सुती कव्हर घाला, नसेल तर ताडपत्री गाडीला चिकटू न देता बांबूवर वर ताणून बांधा, वारा खेळला पाहिजे.

खरी भानगड त्या फुल्ल टाकीत आहे. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं, त्यातलं इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतनं सुद्धा जातं, तेव्हा तक्रार कुणाकडं करणार! पण पद्मिनी बनली तेव्हा हे पेट्रोल कुणाच्या स्वप्नात पण नव्हतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, पाणी टाकीच्या तळाला बसतं आणि आतनं गंज येतो. जुने रबरी पाइप, फ्युएल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची पॅकिंगं ह्या इंधनानं फुगतात, मऊ पडतात, मग गळती. म्हणून तेच पेट्रोल सहा महिने टाकीत ठेवू नका. दर पंधरा दिवसानं पाऊस नसेल त्या सकाळी ह्यांना गाडी घेऊन बाहेर पाठवा, नुसती दारात दोन मिनिटं सुरू करून बंद केली तर उपयोग शून्य, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि बॅटरी पण उतरते. अर्धा तास चालून इंजिन चांगलं तापलं पाहिजे. परत आल्यावर बॉनेट उघडून पंपाजवळ बोट फिरवून बघायला सांगा, ओलसर लागलं नि पेट्रोलचा वास आला तर उद्यमनगरातल्या गॅरेजात नेऊन पडदा आणि पाइप इथेनॉल चालणारे टाकून घ्या, खर्च फार नाही आणि आग लागण्यापेक्षा स्वस्त.

हँडब्रेक लावून ठेवू नका, ह्या हवेत ब्रेकशू ड्रमला चिकटतात, गिअरमध्ये ठेवून चाकाला वीट लावा. उंदरांसाठी बॉनेटमध्ये डांबर गोळ्या. एवढं केलं की दर पंधरवड्याला ह्यांना बाहेर पडायला निमित्त पण होईल.

प्रश्न : माझी फियाट पन्नास वर्षांपेक्षा जुनी, व्हिंटेज म्हणून नवीन 'व्हीए' नंबर घेतलाय. मीट नाही तर रविवारी सहज जोतिबाला फिरवून आणली तर चालेल का?
– ताराबाई पार्क

उत्तर : नाही चालणार. २०२१ च्या नियमांप्रमाणं व्हीए नंबरची गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच. वीस हजार भरून दहा वर्षांचं रजिस्ट्रेशन घेतलंय, उगीच जोतिबाच्या घाटात पावती फाडून घेऊ नका. देवाला दुसऱ्या गाडीनं जा.

प्रश्न : मीटसाठी दोन दिवस आधीच गाडी मित्राच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये आणून लावली, तिथं नाल्याचं पाणी शिरलं. सीटपर्यंत होतं. आता उतरलंय. सुरू करून बघू का?
– जयसिंगपूर

उत्तर : नको! चावी लावूच नका, 'फक्त एकदा' पण नको. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, पाणी दबत नसतं, मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांचं काम लाखात जातं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पाणी कुठपर्यंत होतं त्या रेघेसकट फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, आणि टो करून न्या. पुराचं नुकसान कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत बसतं, नुसत्या थर्ड पार्टीत बसत नाही. आणि पाण्यातनं काढून गाडी सुरू करायच्या नादात इंजिन गेलं तर ते बहुतेक पॉलिसीत 'इंजिन प्रोटेक्ट' वेगळं घेतलं असेल तरच मिळतं. जुन्या गाडीवाले पैसे वाचवायला थर्ड पार्टीवर भागवतात, तुम्ही पण तेच केलं असेल तर मग ओळखीचा मेकॅनिक गाठा.

प्रश्न : मी कमिटीत आहे. शिव्या खाल्ल्या, आता पुढची तारीख ठरवायची आहे. कधी घ्यावी?
– नाव नको

उत्तर : तुम्ही पत्र तरी लिहिलंत, बाकीचे गायब आहेत. दसऱ्याला नको. त्या दिवशी संध्याकाळी सगळं गाव दसरा चौकात सोनं लुटायला असतं, आणि तुम्ही सगळ्या गाड्या ओळीनं उभ्या केल्या तरी लोकं बघणार ती छत्रपतींची मेबॅकच. दिवाळीनंतर कारखाने सुरू होतात, मग मार्चपर्यंत रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, कितीकांना रिफ्लेक्टर नाही, रात्रीच्या ड्राइव्हचं नाव काढू नका. चैत्रात जोतिबाची यात्रा, पन्हाळ्याकडचे रस्ते गच्च. त्यामुळं मला विचाराल तर जानेवारीतला एखादा रविवार, सगळं दिवसाउजेडी, आणि शनिवारच्या रात्रीचा मुक्काम काढूनच टाका, निम्मा खर्च आणि निम्मी कटकट त्याच्यातच आहे. पन्हाळ्यावर गाड्या लावायच्या डोक्यात असतील तर गड पुरातत्त्व खात्याकडं आहे आणि २०२५ पासून युनेस्कोच्या यादीत पण आहे, परवानगीला वेळ लागणार, आत्ताच अर्ज टाका.

तारीख जाहीर करायच्या आधी ह्या वर्षीचा हिशेब ग्रुपवर टाका, आधी नवीन वर्गणी मागितलीत तर काय ऐकायला मिळेल ते तुम्हाला माहीत आहे. आणि फॉर्मवर छापून घ्या, मीट रद्द झाली तर किती पैसे, किती दिवसात, कुणाच्या खात्यावरनं परत येणार. फोन नंबर दोघांचा द्या, एक उचलला नाही तर दुसरा.